व्हॅनच्या छतावरचं सोलर पॅनल कसं निवडाल

पॅनल किती वॅटचं घ्यायचं ते दुकानात जायच्या आधी घरीच कागदावर ठरवा. आमच्या व्हॅनमध्ये १२ व्होल्टचा छोटा फ्रिज, एक पंखा, दिवे आणि मोबाइल चार्जिंग. फ्रिजला दिवसाला साधारण ४०० वॅट-तास (वॅट गुणिले तास, म्हणजे एकूण वापरलेली वीज) लागतात, पंख्याला रात्रभरात २००, बाकी सगळं १००. झाले ७००. छतावर आडवं बसवलेलं २०० वॅटचं पॅनल एप्रिलच्या उन्हात एवढं देतं, ढगाळ दिवसांत मात्र नाही. म्हणून मी ३०० वॅटच सुचवेन.

मग टेप घेऊन छतावर चढा. घरांवर बसवतात ते ५४० वॅटचं पॅनल वॅटमागे स्वस्त पडतं खरं, पण ते जवळपास सव्वादोन मीटर लांब आणि २५ किलोंच्या वर. व्हेंट आणि कॅरिअर सोडून एवढी सलग जागा उरते का, ते बघा. सकाळी आणि दुपारी चारला व्हेंटच्या झाकणाची सावली कुठवर येते, ते खडूने आखून ठेवा. कोपऱ्यावर जरी सावली पडली, तरी वीज धाडकन उतरते! दोन छोटी पॅनलं समांतर जोडली, तर एक सावलीत गेलं तरी दुसरं चालू राहतं.

चिकटवायची पातळ पॅनलं मला पटत नाहीत. पत्र्याला चिकटून ती तापतात, आणि पॅनल तापलं की वीज घटते. फ्रेमचंच घ्या, खाली दोन इंच हवा खेळू द्या.

पॅनल आणि बॅटरीच्या मध्ये बसून चार्जिंग सांभाळणारा कंट्रोलर एमपीपीटी प्रकारचा, म्हणजे पॅनलमधून जास्तीत जास्त वीज काढून घेणारा हवा, आणि बॅटरीजवळ फ्यूज हवाच.