गोगलगायी कोरल पाडतात? रीफ टँकमध्ये या चुका टाळा

जळगाव, भुसावळ, धुळ्याकडे खाऱ्या पाण्याचे, कोरल (प्रवाळ) वाढवायचे रीफ टँक ठेवणारे मोजकेच. पण दोघं भेटले की एक रडगाणं ठरलेलं: "रात्री सगळं जागेवर होतं, सकाळी झोआचा फ्रॅग वाळूत उपडा." (झोआ म्हणजे झुबक्याने वाढणारं कोरल, फ्रॅग म्हणजे लावायला आणलेला कोरलचा तुकडा.) मग राग निघतो गोगलगायीवर. कुणी ती उचलून सम्पमध्ये (टँकखालच्या फिल्टरच्या टाकीत) टाकतो, कुणी दुकानदाराला परत देतो. शेवाळ वाढलं की महिनाभरात नवीन गोगलगायी येतात आणि फ्रॅग पुन्हा पडतात.

माझं स्पष्ट मत आहे की दहातल्या आठ वेळा दोष गोगलगायीचा नसतो. फ्रॅग नुसता टेकवलेला असतो, टँकमध्ये सफाईवाले (शेवाळ आणि उरलंसुरलं खाणाऱ्या गोगलगायी, खेकडे, कोळंबी) गरजेपेक्षा जास्त असतात, आणि शेवाळ संपल्यावर ते उपाशी फिरत असतात. उरलेल्या दोन वेळा मात्र खरा चोर असतो, आणि तो ओळखायला रात्री बॅटरी घेऊन बसावं लागतं.

फ्रॅग नुसता खाचेत अडकवणे

सगळ्यात मोठी चूक हीच. दुकानातून आणलेला प्लग (फ्रॅग ज्यावर चिकटवलेला असतो ती दांडीवाली छोटी बैठक) रॉकच्या खाचेत बसला, हलत नाही असं वाटलं, की काम झालं असं आपण धरतो. पण मोठी टर्बो गोगलगाय लहान लिंबाएवढी होते आणि ती वाट वाकडी करत नाही. प्लगच्या कडेला शेवाळाचा पातळ थर दिसला की ती तिथे चढते, पाय घट्ट रोवते आणि स्वतःचं वजन लावून खरवडत पुढे सरकते. प्लग कलतो, वेव्हमेकरचा (पाणी हलवणाऱ्या पंपाचा) झोत त्याला उरलेला धक्का देतो.

पडण्यापेक्षा वाईट असतं ते पडून राहणं. झोआ उपडे पडले तर दोनेक दिवस तग धरतात. हॅमरसारखं मांसल कोरल तोंडावर वाळूत पडलं तर एका रात्रीत त्याची त्वचा घासून सोलली जाते, आणि तिथून कुजायला लागलं की वाचवणं अवघड. शेजारच्या कोरलवर पडलं तर दोघांत डंखाची लढाई होते. सकाळी उचलल्यावर शेजाऱ्याच्या अंगावर पांढरा पट्टा दिसला, तर तो गोगलगायीने खाल्लेला भाग नसतो, तो डंख असतो. इथेच बऱ्याच जणांचं निदान चुकतं.

चिकटवण्याची पद्धत अशी. सायनोअॅक्रिलेटचं जेल घ्या. दुकानात मिळणारी पातळ, ओघळणारी इन्स्टंट गोंदाची ट्यूब इथे कामाची नाही, ती पाण्यात गेल्या गेल्या दोऱ्यासारखी तरंगते. सोबत अॅक्वेरियमसाठीची दोन भागांची एपॉक्सी पुटी लागते. आधी रॉकवरची जागा जुन्या टूथब्रशने घासून काढा, बुळबुळीत थरावर काहीच धरत नाही. प्लगचं बूड कापडाने कोरडं करा, त्यावर जेल, जेलवर पुटीचा बोराएवढा गोळा, गोळ्यावर पुन्हा जेल. वेव्हमेकर बंद करा, प्लग दाबा आणि जरासा फिरवा. पाण्यात जेलवर लगेच पापुद्रा धरतो. फिरवल्याने तो फाटतो आणि आतलं ताजं जेल दगडाला लागतं. अर्धा मिनिट धरून ठेवा. फिरवणं विसरणारे लोक मग "गोंदच खराब निघाला" म्हणत बसतात. पुटी लावल्यावर एखाद दिवस स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) वेडावाकडा फेस काढेल, त्याने घाबरू नका.

झोआ हाताळताना हातमोजे आणि चष्मा घालाच. झोआ आणि पॅलिथोआच्या काही जातींत पॅलिटॉक्सिन नावाचं जबर विष असतं. झोआ लागलेला दगड उकळत्या पाण्यात टाकून साफ करण्याचा प्रकार तर अजिबात करू नका, वाफेतून विषबाधा होते.

चिकटवायचे नसतील असे छोटे फ्रॅग चुंबकाच्या फ्रॅग रॅकवर ठेवा. नाहीतर ट्यूबलाइटच्या पॅनेलला असते तसली प्लॅस्टिकची चौकटी जाळी कापून वाळूवर मांडा. प्लगची दांडी चौकटीत घट्ट बसते.

परदेशी हिशोबाने सफाईवाले भरणे

दर गॅलनला एक गोगलगाय, हा जुना हिशोब अजून फिरतो. गॅलन म्हणजे पावणेचार लिटरच्या आसपास. त्या हिशोबाने २०० लिटरच्या टँकला पन्नासहून जास्त गोगलगायी होतात! एवढ्यांना पुरेल इतकं शेवाळ दोन आठवडेही टिकत नाही. नंतर त्या उपाशी मरतात, मेलेल्या गोगलगायीचा अमोनिया पाण्यात उतरतो, नायट्रेट वाढतं आणि पुन्हा शेवाळ येतं.

२०० लिटरला मी पाच-सहा ट्रोकस आणि वाळू हलवायला तीन-चार नासारियस गोगलगायी एवढंच सुचवेन. काचेवर रोज हिरवी झाक उरत असेल तरच आणखी दोन आणा. ट्रोकसचा मोठा गुण असा की ती पाठीवर पडली तर स्वतः सरळ होते. अॅस्ट्रिया गोगलगायीला ते जमत नाही, तिला उचलून सरळ करायला तुम्ही घरी नसाल तर हर्मिट (रिकाम्या शंखात राहणारे) खेकडे तिला त्याच रात्री संपवतात.

मेक्सिकन टर्बो शेवाळाचा फडशा पाडते हे खरं. पण ती मूळची कॅलिफोर्नियाच्या आखातातली, थोड्या गार पाण्याची. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये ती सुस्तावते, काचेवरून सुटते आणि नेमकी एखाद्या कोरलवर आपटते. खान्देशात टर्बो घेऊच नये, असं मला वाटतं.

उन्हाळा विसरणे

पारा ४४-४५ वर गेला की टँकचं पाणी ३० च्या वर जायला वेळ लागत नाही. चिलर (पाणी गार करणारं यंत्र) परवडत नसेल तर पाण्यावर तिरका पंखा लावा. मुंबईच्या दमट हवेत पंख्याचा फारसा उपयोग होत नाही, पण आपल्या कोरड्या हवेत तो घरच्या कूलरसारखाच काम करतो, दोन-तीन अंश सहज उतरवतो. पावसाळा लागला की मात्र त्याचा जोर ओसरतो.

चूक इथून पुढे होते. पंख्याने रोज काही लिटर पाणी उडतं, मीठ मागेच राहतं. दोन दिवस पाणी भरायचं राहिलं की क्षारता (म्हणजे खारटपणा, विशिष्ट घनतेत मोजलेला) १.०२५ वरून वर सरकते. मग एकदम बादलीभर गोडं पाणी ओतलं की खाली आपटते. मासे हे सोसतात, गोगलगायी आणि कोळंबी सोसत नाहीत. गोगलगाय पाय आक्रसते, पकड सुटते, आणि "गोगलगायीने कोरल पाडलं" ही तक्रार पुन्हा येते. थोडं थोडं, रोज, शुद्ध पाण्यानेच भरा.

शुद्ध पाणी म्हणजे स्वयंपाकघरातल्या आरओचं नव्हे. त्यात बहुधा चव येण्यासाठी थोडं मूळ पाणी परत मिसळलेलं असतं, म्हणून टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) पन्नास-शंभर दाखवतो. बोअरचं पाणी असेल तर विचारूच नका. आरओच्या पुढे डीआयचा (उरलेले क्षार काढणाऱ्या रेझिनचा) डबा जोडा आणि मीटरवर शून्य येतंय का बघा. शेवाळाचं निम्मं दुखणं तिथेच संपतं, आणि गोगलगायी कमी लागल्या की पडापडीही कमी होते.

पुण्या-मुंबईहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सने मागवलेल्या गोगलगायी पिशवीत तापून येतात. दुकानदार काही वेळा पाणी कमी खारट ठेवतात. पिशवी तरंगवून तापमान जुळवा आणि मग थेंब-थेंब नळीने तासभर टँकचं पाणी सोडा. घाईने सोडलेली गोगलगाय दोन दिवस जागची हलत नाही. मेली का, हे बघायचं तर बाहेर काढून नाकाशी धरा. मेली असेल तर शंकेला जागाच राहत नाही.

मिटलेलं कोरल बघून लगेच घाबरणे

गोगलगाय झोआवरून गेली की ते मिटतात. तासाभरात, फार तर संध्याकाळपर्यंत उघडतात. त्यात काही नुकसान नाही. उलट प्लगच्या कडेचं शेवाळ ती खाते, ते वाढू दिलं तर झोआ त्याखाली गुदमरतात. एकच झुबका दोन-तीन दिवस मिटलेला राहिला, तर मात्र बघा.

लाईट बंद झाल्यावर दोनेक तासांनी बॅटरीवर लाल जिलेटिन कागद बांधून बघा. पांढऱ्या उजेडात सगळे दडून बसतात. झोआच्या देठांमध्ये चपटी, गोल जिन्यासारखी वळलेली, तपकिरी-पांढऱ्या चौकटींची छोटी गोगलगाय दिसली तर ती सनडायल. ती सफाईवाली नाहीच, तिचं जेवण झोआ. चिमट्याने उचला, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा त्याच वेळी बघा, कारण ती एकटी क्वचितच असते.

कोळंबीत फसवणूक जास्त होते. पेपरमिंट म्हणून कॅमल श्रिंप विकली जाते. पेपरमिंट अर्धपारदर्शक असते, तिच्या अंगावर बारीक तांबड्या रेघा असतात. कॅमलच्या पाठीला स्पष्ट कुबड, डोळे मोठे, आणि लाल अंगावर पांढऱ्या रेघा-ठिपके ठळक. दिसायला देखणी, म्हणूनच लोक भुलतात. ती झोआ आणि मशरूम कोरल खाते.

एमराल्ड खेकडा बबल अल्गी (फुग्यांसारखं शेवाळ) खातो म्हणून आणतात. लहान असेपर्यंत ठीक. मोठा झाला आणि बबल संपले की तो कोरलचे पॉलिप टोचायला लागतो. हर्मिटना मोठे होत जाणारे रिकामे शंख दिले नाहीत तर ते गोगलगायीला मारून तिचा शंख बळकावतात. टक्सिडो अर्चिन (गोल, काटेरी समुद्री प्राणी) तर न चिकटवलेला फ्रॅग उचलून पाठीवर घेऊन फिरतो. लहान टँकमध्ये त्याला जागा नाही.

कोरलला आधी खायला घालणे

क्लीनर श्रिंप कोरल खात नाही, कोरलच्या तोंडातला घास पळवते. त्या ओढाताणीत पाकळ्या फाटतात आणि आपल्याला वाटतं ती कोरल खातेय. आधी समोरच्या कोपऱ्यात तिला मायसिसचा (गोठवलेल्या बारीक कोळंबीचा) एक तुकडा द्या, ती त्यात गुंतली की कोरलला द्या. तरी येत असेल तर पाण्याच्या बाटलीचा वरचा भाग कापून कोरलवर पालथा घाला आणि बुचाच्या तोंडातून पिपेटने खाणं सोडा. पंधरा-वीस मिनिटांनी बाटली काढा.

वाळूवर ठेवलेल्या फ्रॅगचं वेगळंच. खाण्याचा वास आला की नासारियस वाळूतून सोंड बाहेर काढत उसळतात आणि प्लग उलटवतात. कॉन्च (मोठ्या शंखाची गोगलगाय) असेल तर ती वाळू नांगरतेच. वाळूवर सपाट, वजनदार दगडाला चिकटवलेलंच कोरल ठेवा.

समुद्रावरून उचलून आणणे

मालवण-रत्नागिरीला सहलीला गेल्यावर गोगलगायी, खेकडे, दगड पिशवीत भरून आणणारे आहेत. त्या प्राण्याचं खाणं काय हे ठाऊक नसतं, आणि दगडातून काय काय येईल सांगता येत नाही. शिवाय दगडी कोरल आणि समुद्रकाकडी वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. "वाळू साफ करते" म्हणून कुणी समुद्रकाकडी देऊ केली तरी हात लावू नका. दुकानातून कोरल घेताना ते कुठून आलं हे विचारा, पावती आणि कागद मागा.

पडलेला फ्रॅग दर वेळी नवीन जागी ठेवणे

पडला की लोक "इथे बरं दिसेल" म्हणून वर सरकवतात. कोरलला खालच्या उजेडाची सवय झालेली असते, वर गेल्यावर ते फिकट पडतं, आणि खापर पुन्हा गोगलगायीवर. उचला, टर्की बॅस्टरने (रबरी फुग्याच्या मोठ्या पिचकारीने) वाळू उडवा, त्याच उंचीवर, त्याच झोतात जेलने चिकटवा आणि दोन आठवडे हात लावू नका. फाटलेली त्वचा दिसत असेल तर आधी आयोडीनच्या कोरल डिपमध्ये बाटलीवर लिहिलेल्या वेळेइतकं बुडवा. तांब्याचं औषध मात्र टँकच्या आसपासही आणू नका, माशांचा पांढरा ठिपका बरा होईल पण गोगलगायी, कोळंबी आणि कोरल तिन्ही जातील.