सेकंड हँड उघड्या टपाची गाडी घेताय? आधी टप बघा, इंजिन नंतर

साताऱ्यात गेली ३ वर्षं माझ्याकडं २००९ ची मर्सिडीज एसएलके २०० आहे, पुणे पासिंगची, सेकंड हँडच घेतलेली, आणि पेट्रोल पंपावर थांबलं की कोणतरी विचारतंच की अशी गाडी आपल्याकडं परवडते का, घ्यायची तर काय बघून घ्यायची. म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढतोय.

पहिली गोष्ट, हॉर्सपॉवरचे आकडे बघून भुलू नका. इंजिनाचं काम करणारा चांगला मेस्त्री पुण्यात, कोल्हापुरात मिळतो, पण टपाचं हायड्रॉलिक (तेलाच्या दाबानं टप हलवणारी यंत्रणा) समजणारी माणसं लय कमी आणि त्याचे पार्ट परदेशातनं मागवायचे, त्यात महिने जातात. त्यामुळं इंजिन थोडं थकलेलं पण टप ठणठणीत असलेली गाडी मी कधीही घेईन, उलट असेल तर हात लावणार नाही.

टप दोन प्रकारचे. एसएलके किंवा २००९ ते २०१६ मधली बीएमडब्ल्यू झेड फोर, यांचा टप पत्र्याचा, घडी होऊन डिकीत जातो. मिनी कूपरची उघडी गाडी मिळते तिचा टप कापडी, पण तिच्यात मागं दोन सीट आहेत आणि टप पूर्ण न उघडता नुसता पुढचा ४० सेंटिमीटर सरकवून सनरूफसारखा वापरता येतो, घरात लहान पोरं असतील तर ती बघा. साताऱ्याचा पाऊस, कासकडनं येणारं धुकं आणि त्यातली ओल बघता मी पत्र्याचाच टप घ्या म्हणेन.

गाडी बघायला गेलात की मालकाला इंजिन चालू ठेवायला सांगायचं (बॅटरी उतरलेली असेल तर टप अर्ध्यात अडकतो) आणि टप लागोपाठ ३ वेळा उघडबंद करायला लावायचा. एसएलकेचा टप २२ सेकंदांत आत जातो, झेड फोरचा २० च्या आसपास, मोबाईलवर वेळ लावा. एक बाजू आधी उचलली आणि दुसरी मागनं आली, किंवा पंप कण्हल्यासारखा आवाज करायला लागला तर तेल कमी आहे नाहीतर सिलिंडर गळतोय. डिकीतलं कडेचं कार्पेट उचलून आत बोट फिरवा, तेलकट लागलं की काय ते कळतं. अजून एक, एसएलकेच्या डिकीत सामानावर ओढायचा एक पडदा असतो, तो ओढून नीट अडकवल्याशिवाय टप जागचा हलत नाही, आणि हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. माझ्या गाडीच्या मालकानं आधीच सांगितलेलं की टपाची मोटर गेलीय, मी डिकी उघडली तर पडदा एका बाजूनं सुटलेला, तो खटकन बसवला आणि बटण दाबल्यावर टप सरळ उघडला. त्या माणसाचा चेहरा एकदम खुलला, वर्षभर तो टप बंद ठेवूनच गाडी चालवत होता! मग घासाघीस न करता तिथंच विसार दिला.

त्यानंतर पाणी. टप जिथं बसतो तिथल्या पन्हाळीत मगभर पाणी हळूहळू ओता आणि खाली वाकून बघा, ते गाडीच्या खालनं बाहेर पडलं पाहिजे. नाही पडलं तर नळी तुंबलीय आणि पाणी आत कुठंतरी साठणार, सीटखाली नाहीतर वायरिंगवर. मी गाडी कडुनिंबाखाली लावायचो, त्याची बारीक पानं जाऊन नळी बंद झाली आणि पहिल्याच पावसात डाव्या बाजूचं मॅट पिळून काढायची वेळ आली. आता गवत कापायच्या मशीनची नायलॉनची दोरी मिळते ना, ती हळूच घालून मे महिन्यात नळ्या साफ करतो, तारेनं कधी करू नका, नळी फाटते. रबरांना ग्रीस लावू नका, रबरासाठीचंच लिक्विड मिळतं ते लावा.

आणि आपल्या भागात हे खास तपासा की गाडी पुरातली तर नाही. सांगलीत २०१९ च्या ऑगस्टमधे आणि २०२१ च्या जुलैत किती गाड्या पाण्यात गेल्या ते आपण बघितलंय. सीटबेल्ट पार शेवटपर्यंत ओढा, आतल्या टोकाला गाळाची रेघ दिसते, तो भाग कोणी धूत नाही. सीटच्या खालच्या पट्ट्यांना गंज बघा. गाडीत उगाच जास्त सेंट मारलेला असेल तर काचा बंद करून १० मिनिटं आत बसा, कुबट वास येतोच.

इंजिन गार असताना पोचा, टपासाठी इंजिन चालू करायच्या आधीच बोनेटला हात लावून खात्री करा. एसएलके २०० च्या १.८ लिटर इंजिनात टायमिंग चेन ढिली होते, सकाळच्या पहिल्या स्टार्टला खडखड आवाज येतो. झेड फोर ३५आयला स्टार्टर जास्त वेळ मारावा लागला तर पेट्रोलच्या हाय प्रेशर पंपावर संशय घ्या. गाडीच्या कॉम्प्युटरमधले फॉल्ट दाखवणारा स्कॅनर लावूनच घ्या. टायरवर ४ आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. या दोन्ही गाड्या मागच्या चाकावर पळतात, त्यामुळं दिसायला नवे पण वयानं जुने टायर असतील तर पावसात घाटात मागची बाजू सुटते, ते बदलायचे पैसे किमतीतनं आधीच वजा करा.

कागदपत्रांचं थोडक्यात. फॉर्म २९ आणि ३०, बाहेरच्या आरटीओची असेल तर फॉर्म २८ ची एनओसी, बँकेचा बोजा असेल तर फॉर्म ३५, आणि थकलेले ई-चलन. दिल्लीकडं गाडीच्या वयाची बंधनं आहेत म्हणून तिकडच्या गाड्या स्वस्त दिसतात, पण एमएच ११ (साताऱ्याचं पासिंग) करताना इथला रोड टॅक्स भरावा लागतो, तो हिशेब आधी करा. मालकाचा विम्यातला नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही. साध्या पॉलिसीत क्लेमला रबर-प्लॅस्टिकचे ५०% कापतात, आणि या गाडीत रबर भरपूर आहे. गाडीच्या किमतीवर निदान २ लाख बाजूला ठेवल्याशिवाय उडी मारू नका. आणि पैसे द्यायच्या आधी गाडी आपल्या बोळात आणून बघा, स्पीडब्रेकरला बुडाला लागते का ते.

आता मजा. ही गाडी हायवेवर टप उघडून १०० नं पळवायची नाहीच, ट्रकचा धूर आणि आवाज यापलीकडं काही मिळत नाही. ऑक्टोबर ते फेब्रुवारी, पहाटे साडेपाचला समर्थ मंदिराकडनं निघायचं, यवतेश्वरचा घाट चढायचा आणि कासच्या दिशेला ४०-५० च्या स्पीडनं जायचं, काचा वर, सीटमागची वारा अडवायची जाळी लावलेली आणि हीटर पायावर सोडलेला. डोक्याला गारठा, पायाला ऊब. डिसेंबरात आईला नेलं होतं, गुडघ्यामुळं तिला सीटमधे बसवायलाच ५ मिनिटं लागली, पदर डोक्यावरनं घट्ट धरून बसलेली, पण घाट संपून वर सपाटीला लागलो तसा तिनं पदर सोडला आणि मान मागं टाकून चांदण्या बघत बसली, मग मीच स्पीड अजून कमी केला.

एप्रिल-मेमधे ९ नंतर टप बंद. पाचगणी-महाबळेश्वरला चहाला थांबलात तरी टप लावूनच उतरा, माकडं सीटवर येऊन बसतात. नोव्हेंबरपासनं कराड, कोरेगाव बाजूला रात्री शक्यतो नको, उसाच्या ट्रॉल्यांना मागं लाईट नसतो आणि आपण इतके खाली बसलेलो असतो की ट्रॉली दिसते तेव्हा ती जवळ आलेली असते. दिवसा मात्र त्याच रस्त्यानं जरूर जा, गुऱ्हाळाचा वास बंद गाडीत असा कधी येत नाही.

घरी आल्यावर कव्हर घालायची घाई करू नका, दवानं रबरं ओली झालेली असतात, फडक्यानं कडा पुसा, अर्धा तास ऊन लागू द्या, मग घाला.