स्टीम बॉयलरचं प्रेशर बिघडलंय? आधी प्रेशरट्रोलखालची नळी बघा

न्यू जर्सी, न्यूयॉर्क, बोस्टन या भागात 1920-30 च्या सुमाराची जुनी घरं अजून भरपूर आहेत, आणि त्यातल्या कितीतरी घरांत वाफेवरचं हीटिंग आहे. पुण्या-नाशिकहून आलेल्या माणसाने असं घर घेतलं की पहिल्या थंडीत त्याची तळघरातल्या बॉयलरशी गाठ पडते. बर्नर दर दोन मिनिटांनी चालू-बंद होतो, रेडिएटरचे व्हेंट (हवा बाहेर सोडणाऱ्या छोट्या झडपा) फसफसतात, पाणी थुंकतात, किंवा बॉयलर पेटतच नाही. संशय जातो तो प्रेशरट्रोलवर, म्हणजे वाफेचा दाब ठरावीक मर्यादेला पोचला की बर्नर बंद करणाऱ्या करड्या डबीवर. पण दोष बऱ्याचदा डबीत नसतो, तिच्या खालच्या वेटोळ्या नळीत असतो. त्या नळीला पिगटेल म्हणतात.

हात लावण्याआधी एक पक्कं करा: घर गार राहतंय म्हणून प्रेशर वाढवायचं नाही. पीएसआय म्हणजे दर चौरस इंचावर बाहेरच्या हवेपेक्षा किती पौंड जास्त दाब. शून्य पीएसआयला वाफ 212 अंश फॅरनहाइट असते आणि 2 पीएसआयला जेमतेम 219. म्हणजे दाब वाढवून उष्णता फारशी वाढत नाही. उलट वाफ दाट होऊन पाइपांतून सावकाश सरकते आणि व्हेंट अडकून बसतात. घरासाठी दीड पीएसआय पुष्कळ झालं. बॉयलरवरचा सेफ्टी व्हॉल्व्ह 15 पीएसआयला उडतो, म्हणजे जवळपास आपल्या कुकरच्या शिट्टीच्या दाबाला. तिथपर्यंत गोष्ट जाताच कामा नये.

सेटिंग बघा. हनीवेलचा पीए404ए हा घरोघरी दिसणारा प्रकार. त्याच्या समोरच्या पट्टीवर कट-इन असतो, म्हणजे किती दाबाला बर्नर पुन्हा पेटायचा ते. वरचा स्क्रू फिरवून काटा 0.5 वर आणा. त्याच्या खाली नेऊ नका, आतली दांडी स्क्रूवरून निसटते. झाकण उघडलं की आत पांढरं चाक दिसेल, तो डिफरन्शियल. त्यावरचा 1 समोर आणा. अर्धा अधिक एक, म्हणजे दीडला बर्नर बंद. काही मॉडेलांत मात्र समोर कट-आउट, म्हणजे बर्नर बंद होण्याचा दाब, असतो आणि त्यातून डिफरन्शियल वजा होतो. म्हणून आधी डबीवर छापलेलं वाचा.

आता पिगटेल. या नळीत पाणी भरलेलं असतं, त्यामुळे गरम वाफ थेट डबीपर्यंत पोचत नाही. वर्षानुवर्षं बॉयलरमधला गाळ तिथे साचतो. नळी तुंबली की डबीला दाब कळत नाही आणि बर्नर जळतच राहतो. दाब दाखवणारा गेज त्याच नळीवर बसवलेला असेल तर तोही निरागसपणे शून्य दाखवतो, म्हणून त्या शून्यावर विश्वास ठेवू नका.

लाल पट्टीचा इमर्जन्सी स्विच बहुधा तळघराच्या जिन्याच्या तोंडाशी असतो. तो आणि ब्रेकर, दोन्ही बंद करा. बॉयलर पूर्ण गार होऊ द्या. हाताला कोमट लागला तरी थांबा. तारांचा फोटो काढून त्या सोडवा. काही घरांत तिथे 24 व्होल्ट असतात, काहींत 120, त्यामुळे टेस्टर लावून वीज नसल्याची खात्री करायचीच. मग पाना डबीच्या बुडाच्या पैलूदार भागाला लावून ती फिरवून काढा. डबी धरून पिळलीत तर नवीनच घ्यावी लागेल. नळीही काढा, नळाखाली धरा, वाकडी तार घालून खरवडा. तोंडाने फुंकर सहज पार गेली पाहिजे. काळा चिखल निघाला तर चोर सापडला म्हणायचं. नळी बॉयलरला जिथे जोडते ते भोकही स्क्रूड्रायव्हरने मोकळं करा, ते हमखास विसरलं जातं.

डबी हातात आहेच, तर मल्टिमीटर लावून बघा. दाब नसताना तिच्या दोन टोकांत प्रवाह जायला हवा. जात नसेल तर बॉयलर न पेटण्याचं कारण मिळालं, डबी बदला. तारा एकमेकींना जोडून काम भागवायचं नाही, थंडी कितीही असो. जुन्या मॉडेलांत काचेच्या नळीत पारा असतो. अशी डबी कचऱ्यात टाकू नका, आणि ती वापरात ठेवणार असाल तर अगदी सरळ बसवा. किंचित कलली तरी आकडे बदलतात.

परत बसवताना नळीत पाणी भरा, आट्यांना टेफ्लॉन टेप गुंडाळा, पण टेप नळीच्या तोंडावर येऊ देऊ नका.

मग परीक्षा. नियमाप्रमाणे लागणारा 0 ते 30 पीएसआयचा गेज इतक्या कमी दाबाला कुचकामी. जोडीला 0 ते 3 पीएसआयचा छोटा गेज लावून घ्या. बॉयलरच्या बाजूला पाण्याची पातळी दाखवणारी काचेची नळी असते, तिच्यात पाणी निम्म्यापर्यंत आहे ना, बघा. काच रिकामी असेल तर बर्नर पेटवू नका, आणि तापलेल्या कोरड्या बॉयलरमध्ये गार पाणी तर मुळीच सोडू नका. ओतीव लोखंड तडकतं. थर्मोस्टॅट चढवा आणि बॉयलरजवळच उभे राहा. दीडच्या आसपास बर्नर बंद, अर्ध्याजवळ पुन्हा चालू, हे ठीक. काटा तीनला जाऊन टेकला तर हातानेच बंद करून कारागीर बोलवा.

डबी बरोबर चालते, तरी रेडिएटर तापायच्या आतच दीड गाठला जातो? मग मुख्य पाइपांच्या टोकांचे एअर व्हेंट तपासा. तिथून हवा निघाली नाही तर वाफेला जायला जागाच उरत नाही. बॉयलर घराच्या रेडिएटरांपेक्षा मोठा बसवलेला असेल तरी असंच होतं. त्यावर डबीत उपाय नाही.

प्लंबर बोलवायची वेळ आली तर फोनवरच विचारा, "पिगटेल काढून साफ करता का?" न बघताच तो "प्रेशर जरा वाढवून देतो" म्हणाला, तर दुसरा शोधा.