राणीच्या बागेत नातवंडांना नेताना

राणीची बाग म्हणजे मुंबईत भायखळ्याचं प्राणिसंग्रहालय. पहिला नियम बागेचा: बुधवारी बंद. बुधवारी सरकारी सुट्टी आली तर त्या दिवशी उघडी ठेवतात आणि गुरुवारी बंद. दुसरा नियम माझा: रविवारी जायचं नाही. मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक असला की डोंबिवलीहून भायखळा येईपर्यंतच पोरं "घरी कधी जायचं" सुरू करतात, आणि पुढे पेंग्विनच्या दाराशी रांग असतेच. शनिवार बरा.

फास्ट गाडी भायखळ्याला थांबते. पूर्वेला उतरा, मुलं चालती असतील तर दहा-पंधरा मिनिटांत फाटक. बाबागाडी आणू नका, लोकलमध्ये ती कोणाच्या तरी पायावर जाते. न्याहारी घरूनच पोटभर करून निघा. पाणी स्टीलच्या बाटलीत, कारण फाटकावर प्लास्टिक तपासतात. आई-वडील आणि दोन मुलं यांचं एकत्र तिकीट मिळतं, ते मागून घ्या. आजी त्यात धरत नाहीत, तिच्या तिकिटाचं खिडकीवर विचारून घ्या.

बाग साडेनऊला उघडते. आत शिरल्यावर वाटेत कुठेही न रेंगाळता थेट पेंग्विन गाठा. दुपारी तिथे नुसती माणसांची डोकी दिसतात. मुलं हमखास विचारणार, "बर्फ कुठंय?" तर हे हम्बोल्ट पेंग्विन, पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचे. तिथे बर्फ नसतो, समुद्राचं पाणी मात्र थंडगार असतं. २०१६ साली ते दक्षिण कोरियातल्या सोलहून आले. काचेपाशी जागा मिळाली की मुलांना सांगा, पाण्यात त्यांचे पंख बघ. जमिनीवर डुलत डुलत चालणारा तो प्राणी पाण्याखाली चक्क उडत असतो. आमची नात ते बघून बराच वेळ हात अंगाला चिकटवून चालत होती. फ्लॅश बंद ठेवा, आणि काचेवर थापा मारू देऊ नका.

वाघ सकाळीच बघून घ्या, ऊन चढलं की तो सावलीत पडून राहतो. झोपलेला वाघही मुलांना चालतो, घाई मोठ्यांनाच असते. "ए, उठव ना त्याला" म्हणत शिट्ट्या मारणारे बाप मी पाहिले आहेत. त्यांच्याजवळ उभं राहू नका, मुलं लगेच शिकतात.

खरी मजा पाणघोड्याकडे. बहुतेक लोक येतात, पाण्यावर दोन कान नि नाकपुड्या बघतात आणि "काही नाही इथे" म्हणून पुढे जातात. तुम्ही थांबा. फस्सकन श्वास सोडून तो वर येतो, आणि नशीब असेल तर बाहेर येऊन शेपटी गरगर फिरवत शेण चहूकडे उडवतो. पाच वर्षांच्या मुलाला याहून मोठा आनंद नाही. घरी गेल्यावर आजोबांना वाघाआधी हेच सांगितलं जातं.

एवढं झालं, आणि जाळीखालून चालत पक्षी बघण्याची जागा झाली, की पुरे. पाटी दिसली म्हणून प्रत्येक पिंजऱ्यापुढे मुलांना ओढत नेऊ नका. बारानंतर झाडांखाली बसा. ही बाग १८६२ सालची, झाडं जुनी आणि दांडगी. गोरखचिंचेच्या बुंध्याला किती जणांचे हात लागतात ते मोजायला लावा. कैलासपतीची फुलं फांदीच्या टोकाला नाहीत, थेट खोडावर येतात. खाली पडलेलं फूल उचलून बघितलं तर आत शंकराची पिंड आणि वर नागाचा फणा दिसतो. स्वच्छतागृह दिसलं की लागली असो नसो, सगळ्यांना नेऊन आणा.

निघताना शेजारच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाबाहेरचा दगडी हत्ती दाखवा. हा घारापुरीचा, ज्याच्यावरून पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटलं तोच. इंग्रज त्याला विलायतेला न्यायला निघाले होते. उचलताना तो फुटला, मग तुकडे जोडून इथे उभा केला. हे सांगितलं की मुलं सांधे शोधत त्याच्याभोवती फिरतात, तेवढ्यात मोठ्यांना दोन मिनिटं बसता येतं. मात्र चारच्या आत स्टेशन गाठा. पाचनंतर गाडी सीएसएमटीहूनच भरून येते, आणि झोपलेलं पोर कडेवर घेऊन भायखळ्याला चढणं सोपं नाही.