रिमेम्बर की रिमाइंड, हिअर की लिसन? इंग्लिशमधल्या या चुका टाळा

"प्लीज रिमेम्बर मी ऑन मंडे" असं मेलमध्ये लिहिणारे खूप जण आहेत, म्हणायचं असतं की सोमवारी मला आठवण करा. स्पेलचेकला बहुतेक वेळा यात काही दिसत नाही कारण स्पेलिंग बरोबरच असतं, शब्दच चुकीचा निवडलेला असतो, त्यामुळे अशा चुका वर्षानुवर्षं तशाच राहतात.

आता ही आठवणच बघा. मराठीत एकच शब्द तीन कामं करतो. स्वतःच्या लक्षात राहणं म्हणजे रिमेम्बर, दुसऱ्याने आठवण करून देणं म्हणजे रिमाइंड, आणि आईची आठवण येणं म्हणजे मिस. होस्टेलवरची मुलं "आय रिमेम्बर माय मदर" लिहितात तेव्हा वाचणाऱ्याला वाटतं आई आता हयात नाही की काय! तिथे "आय मिस माय मदर" च पाहिजे.

हिअर आणि लिसनचं उलट आहे, हा फरक आपल्या मराठीत आधीच आहे पण इंग्लिश बोलताना आपण तो वापरतच नाही. ऐकू येणं म्हणजे हिअर आणि लक्ष देऊन ऐकणं म्हणजे लिसन. ऑनलाइन मीटिंगमध्ये "आर यू लिसनिंग मी?" विचारलं तर एक तर मधला टू राहिला, आणि वर समोरच्याला वाटतं तुमचं लक्ष आहे का असं आपण दरडावून विचारतोय. आवाज येतोय का एवढंच विचारायचं असेल तर "कॅन यू हिअर मी?" म्हणा. दिसणं आणि बघणं पण असंच, दिसलं तर सी, मुद्दाम बघितलं तर लुक, आणि मॅच किंवा सिरियल बघत बसलो तर वॉच.

बॉरो आणि लेंड सोपं आहे, उसनं घेणारा बॉरो करतो, देणारा लेंड करतो. "कॅन यू बॉरो मी युअर पेन" हे चूकच.

लूज लिहिताना मात्र जपा. सैल असेल तर डबल ओ आणि उच्चार लूस, हरवणं किंवा हरणं असेल तर एकच ओ आणि उच्चार लूझ. आपण दोन्हीला लूजच म्हणतो म्हणून लिहितानाही घोळ होतो आणि "डोन्ट लूज होप" मध्ये हमखास दोन ओ पडतात.

स्टेशनरीची गोष्ट मला फार आवडते. वही-पेनवाली ई-आर-वाय, एका जागी उभी असलेली ए-आर-वाय, पण मूळ एकच! मध्ययुगात युरोपात बरेचसे विक्रेते गावोगाव फिरायचे, पुस्तकवाले मात्र विद्यापीठाजवळ एका जागी दुकान मांडून बसायचे म्हणून त्यांना स्टेशनर म्हणायला लागले. ई म्हणजे एन्व्हलप, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

शेवटी सी आणि एस. सल्ला हे नाम, म्हणून अ‍ॅडव्हाइसमध्ये सी, सल्ला देणं हे क्रियापद, म्हणून अ‍ॅडव्हाइझमध्ये एस. प्रॅक्टिस आणि लायसन्सचा उच्चार दोन्हीकडे सारखाच, त्यामुळे कानाला फरक कळत नाही, तिथे अ‍ॅडव्हाइसची जोडी आठवायची. आपल्याकडे ब्रिटिश पद्धत चालते म्हणून ड्रायव्हिंग लायसन्सच्या कार्डवर शेवटी सी-ई असतं. अमेरिकेत मात्र प्रॅक्टिस कायम सी ने आणि लायसन्स कायम एस ने लिहितात, म्हणून फोनचा कीबोर्ड अमेरिकन इंग्लिशवर असेल तर तो आपलं बरोबर स्पेलिंग पण बदलू शकतो, सेटिंगमध्ये जाऊन इंग्लिश इंडिया किंवा यूके करून घ्या.