पावसाळा, दगडी आणि सुईची घाई

रात्री विरजलेलं दूध सकाळी होतं तसंच पातळ. विरजण बदललं, भांडं बदललं, तरी दही लागेना. आमच्याकडे हे झालं तेव्हा कारण गोठ्यात सापडलं. आदल्या दिवशी गाईला दगडीसाठी, म्हणजे कासेच्या सुजेसाठी, सुई दिली होती, सडात ट्यूबही सोडली होती, आणि चांगल्या सडांचं दूध चुलीवर गेलं होतं. प्रतिजैविकाने दह्याचे जीवाणू मारले. दूध उकळलं म्हणून औषध जात नाही.

पावसाळ्यात शेण-चिखल कासेला लागतो आणि दगडी वाढते. अशा वेळी मेडिकलमधून 'मागच्या वेळचंच द्या' म्हणू नका. औषधांची घराणी वेगळी असतात.

पेनिसिलिन, अमॉक्सिसिलिन, सेफ्ट्रायक्झोन ही एका घरची. वाढणारा जीवाणू स्वतःभोवती भिंत बांधत असतो. ही औषधं ते बांधकाम बिघडवतात आणि तो फुटतो. फऱ्या (मांसल भाग सुजवणारा जीवाणूंचा आजार) लवकर ओळखला तर पेनिसिलिन कामाला येतं. दगडीचे काही जीवाणू मात्र पेनिसिलिनच तोडून टाकतात, म्हणून काही औषधांत सोबत ही तोडफोड रोखणारं सलबॅक्टम घातलेलं असतं.

ऑक्सिटेट्रासायक्लिन जीवाणूची प्रथिनं बनू देत नाही, वाढ थोपवतं. मग दोन्ही एकदम टोचली तर? वाढ थांबली की भिंतीचं बांधकामही थांबतं, पेनिसिलिनला बिघडवायला काही उरत नाही. खर्च दुप्पट, गुण कमी.

जेंटामायसिन ई. कोलायसारख्या जीवाणूंवर चालतं, पण मूत्रपिंडाला जड. एन्रोफ्लॉक्सासिन जीवाणूच्या डीएनएच्या कामात खोडा घालतं. वाढत्या वासरांच्या सांध्यांना त्याचा धोका असतो. लम्पी आणि लाळ्या खुरकूत विषाणूचे आजार, त्यावर यातलं एकही चालत नाही. डॉक्टर देतात ते जखमेत शिरलेल्या जीवाणूंसाठी. गोचीडतापातल्या थायलेरिया या रक्तातल्या परजीवीचं औषधही निराळंच.

कोणतं द्यायचं आणि किती, हे डॉक्टर ठरवतील. तुमच्या हातात आहे ते असं: पहिल्या सुईआधी सड पुसून, पहिल्या धारा सोडून, उकळलेल्या कोरड्या बाटलीत दुधाचा नमुना घ्या आणि बर्फात ठेवून प्रयोगशाळेत पाठवा. सुई दिल्यावर घेतलेला नमुना फसवतो. दुधातल्या गाठी दिसेनाशा झाल्या तरी डॉक्टरांना न विचारता डोस अर्धवट सोडू नका. रोज धार काढल्यावर सड पोव्हिडोन आयोडीनच्या द्रावणात बुडवा आणि लगेच वैरण टाका. अर्धा तास जनावर उभं राहिलं की सडाचं तोंड मिटतं, चिखल आत जात नाही.

औषधाच्या लेबलवर दूध किती दिवस वापरायचं नाही ते छापलेलं असतं. नसेल तर आपल्याकडच्या नियमाप्रमाणे किमान 7 दिवस, चारही सडांचं. ते दूध डेअरीच्या कॅनमध्ये नको. वासरालाही पाजू नका, त्याच्या पोटातले जीवाणू तेच औषध पचवायला शिकतात. गोठ्यापासून लांब खड्ड्यात ओता.