लेक्चरची पहिली पाच मिनिटं हजेरीत घालवू नका

रत्नागिरी-सिंधुदुर्गकडे कॉलेजात शिकवणाऱ्यांसाठी एक साधी टीप. वर्गात गेल्या गेल्या हजेरी नाही घ्यायची, फळ्यावर दोन प्रश्न लिहायचे, एक कालच्या लेक्चरचा आणि एक दोन-तीन आठवड्यांपूर्वीचा (हा जुना प्रश्नच सगळे टाळतात, आणि लक्षात राहण्याचं खरं काम तोच करतो), मग पोरांनी वही बंद ठेवून अर्ध्या कागदावर उत्तर लिहायचं. मार्क अजिबात नाहीत, नाहीतर कॉपी सुरू झालीच म्हणून समजा. कागद गोळा केले की हजेरी पण त्यातच होते.

प्रश्न व्याख्येचा नको. भूगोलात 'जांभा (आपला तांबडा दगड, ज्याचे बांधकामाचे चिरे काढतात) म्हणजे काय' विचारलं तर गाईडमधलं पाठ वाक्य येणार, पण 'खाणीतून काढताना मऊ असलेला चिरा उघड्यावर वाळला की घट्ट का होतो' असं विचारा, मग लोहाची ऑक्साइडं, पाणी निघून जाणं हे सगळं डोक्यातून ओढून काढावं लागतं, आणि ज्याच्या घरचे चिरेखाणीवर आहेत तो मागच्या बाकावरचा पण तोंड उघडतो.

रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांचा २००६ चा प्रयोग आहे, त्यात पाच मिनिटांनी चाचणी घेतली तर पुन्हा पुन्हा वाचणारे पुढे होते, आठवड्याने घेतली तर आठवून लिहिणारे. म्हणजे वाचल्या वाचल्या सगळं येतं, पण टिकत नाही; 'सर, रात्री सगळं येत होतं' हे पोरं खोटं बोलत नसतात.

पावसात एसटी लेट झाली की निम्मा वर्ग उशिरा येतो, त्या दिवशी प्रश्न शेवटी घ्या, चालतं.